पंचाविना खेळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून लातूरला आलेल्या नातवाने पिशवीतून एक पांढरी प्लास्टिकची थाळी काढली, तेव्हा आजोबांनी प्रथम तिचे वजन विचारले. आडतीच्या गादीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाचा तो स्वभावच. "एकशे पंचाहत्तर ग्रॅम, आजोबा." दुसरा प्रश्न किमतीचा होता. नांदेडला दिलेल्या लेकीची मुलेही आली होती. सात-सात गडी काही जमेनात, तेव्हा मुले-मुली मिळून पाच-पाचांवर भागविले. सूर्यास्तापूर्वी जेवण हा घरचा नियम, त्यामुळे डाव लवकर आटोपावा लागे.

मैदानाकडेच्या बाकावर बसून आजोबांनी तिसरा प्रश्न विचारला, "पंच कोण?"

"पंच नसतोच."

अल्टिमेट फ्रिस्बी हा खेळ १९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये जन्मला. जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्याने गमतीने कल्पना मांडली. पुढे हाच 'द मॅट्रिक्स' चित्रपटाचा निर्माता झाला. शाळेच्या वाहनतळावर, दिव्यांच्या उजेडात मुले रात्री खेळत. क्रीडाशिक्षक नाही, पंच नाही. नियम त्यांनीच लिहिले. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स विद्यापीठाने प्रिन्स्टनला २९-२७ असे हरविले. महाविद्यालयांमधला हा पहिला सामना.

नियम साधा आहे. चूक झाली असे ज्याला वाटेल त्याने पुकारावे. समोरच्याने मान्य केले तर ठीक. नाही केले तर बहुधा थाळी पुन्हा फेकणाऱ्याच्या हाती जाते.

"म्हणजे सौदा फिसकटला की माल मूळ धन्याकडे," आजोबा म्हणाले. हे त्यांना पटले. पण त्यांची शंका वेगळी होती. "इथे हरून कुणाचे काही जात नाही, म्हणून खरे बोलणे स्वस्त आहे. पैसा आला की काय?"

नातवाला मान्य करावे लागले. २०१२ साली अमेरिकेत व्यावसायिक लीग निघाली, तिने पंच नेमले. जागतिक महासंघाच्या स्पर्धा मात्र आजही खेळाडूंच्या शब्दावरच चालतात; सल्लागार असले तरी निर्णय त्यांचा नसतो. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या वागणुकीला गुण देतात. आजोबा 'हूं' म्हणाले. बाजारातही असे गुण असतात, फक्त ते कागदावर नसतात.

शेवटच्या संध्याकाळी दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. नांदेडच्या थोरल्याने कोपऱ्यात उडी घेऊन थाळी झेलली. त्याची बहीण ओरडत धावत आली. फक्कीने आखलेल्या कडेच्या रेषेवर त्याचा पाय पडला होता. खेळणाऱ्यांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. बाकावरून आजोबांना स्वच्छ दिसले होते. ते बोलले नाहीत.

पोराने खाली पाहिले. बुटाला पांढरी फक्की लागली होती. ती झटकायला क्षणही पुरला असता.

"बाहेर होतो," तो म्हणाला आणि थाळी समोरच्या बाजूला दिली. त्याच थाळीवर ते हरले. बहीण दोन मिनिटे त्याच्याशी बोलली नाही.

आजोबांनी पश्चिमेकडे पाहिले. "चला रे, ताटे वाढली असतील."