दुनळीची घरगुती सुधारणा : उमरोळीतील अनुभव

गुळगुळीत नळीच्या आणि छर्‍यांची काडतुसे वापरणाऱ्या बंदुकीला शॉटगन म्हणतात. त्यांपैकी जी बंदूक बार उडाल्यावर रिकामे काडतूस स्वतःच बाहेर टाकून पुढचे भरून घेते, परंतु प्रत्येक बारासाठी जिचा चाप नव्याने ओढावा लागतो, ती अर्धस्वयंचलित होय. जॉन ब्राउनिंग यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रचनेत हे काम बंदुकीच्या मागे येणाऱ्या धक्क्यावर होत असे, तर १९६३ च्या रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुकीत ते नळीच्या छिद्रांतून घेतलेल्या वायूच्या दाबावर होते. अमेरिकेत अशा बंदुकीचे भाग विकत आणून घरीच ती बदलून घेण्याचा छंद सर्रास आढळतो. भारतात मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्धस्वयंचलित बंदुका, काही अपवाद वगळता, निर्बंधित अशा पहिल्या प्रवर्गात ठेवल्या असल्यामुळे पालघर जिल्ह्यातील परवानाधारकाच्या घरी जी बंदूक असते ती बहुधा बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी असते, आणि घरगुती सुधारणेचा प्रश्न पडतो तो तिच्याच बाबतीत.

पालघर आणि बोईसर या स्थानकांच्या मधल्या उमरोळी येथे वारशाने आलेल्या, रीतसर परवाना असलेल्या अशाच एका दुनळीवर झालेल्या कामाचा अनुभव पुढे नोंदवला आहे. बारा बोअर हे नळीचे माप असून, ज्या शिशाच्या गोळीच्या बारा नगांचे मिळून एक पौंड वजन भरते, त्या गोळीच्या व्यासाएवढी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटरची, नळी त्यातून दर्शवली जाते. काडतूस जिथे बसते त्या कोठीची लांबी जुन्या बंदुकांत पुष्कळदा ६५ मिलिमीटर असते आणि तीत ७० मिलिमीटरचे काडतूस उडवल्यास दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो; म्हणून कोणत्याही सुधारणेआधी नळीवरील खुणा वाचणे हे पहिले काम ठरते, आणि ते वगळून दस्ता चकचकीत करण्यात काहीच अर्थ नाही.

प्रत्यक्ष सुधारणेला सर्वाधिक वाव आढळला तो दस्त्यात. शॉटगनने नेम धरला जातो तो रायफलीसारखा दोन खुणा जुळवून नव्हे. नळीच्या टोकाला फक्त एक माशी, म्हणजे लहानसा मणी, असतो आणि मागची खूण म्हणून नेमबाजाचा डोळाच काम करतो. त्यामुळे गाल दस्त्यावर कुठे टेकतो, यावर छर्रे कुठे जातील हे ठरते. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला दस्त्याची लांबी म्हणतात आणि कारखान्यातून ती साधारणपणे साडेचौदा इंचांच्या आसपास येते. उंच, लांब हातांच्या माणसाला ती बरी पडते, परंतु ठेंगण्या बांध्याच्या माणसाच्या बाबतीत खांद्याला लावताना दस्ता बगलेत अडकतो, मान ताणली जाते आणि धक्का गालावर बसतो. ही तपासणी घरी करता येते. बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केल्यावर, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी व मग डोळे उघडावेत. माशी नळ्यांमधल्या पट्टीच्या मध्यावर दिसली तर दस्ता अंगाचा आहे, पट्टीच दिसेनाशी झाली तर गाल फार खाली जातो, आणि पट्टी चढासारखी लांबच लांब दिसली तर तो फार वर राहतो.

उमरोळीत दोष निघाला तो गाल खाली जाण्याचा. त्यावर दस्त्याच्या वरच्या कडेला बांधायची चामडी गादी पुरेशी ठरली, कारण ती लेस ओढून बसवता येते, नको झाल्यास काढता येते आणि मूळ अक्रोडी लाकडाला ओरखडाही पडत नाही. मागच्या टोकाला जाड रबरी गादी बसवून धक्का कमी करावा असाही विचार झाला, परंतु तिच्या जाडीएवढा दस्ता कापला नसता तर लांबी आणखी वाढली असती, म्हणून तो मागे पडला. कापलेले लाकूड परत येत नाही. जुन्या बंदुकीवर काम करणाऱ्याने उलट फिरवता येईल असाच बदल आधी करून पाहावा, हे या अनुभवातून ठामपणे सांगता येते.

दुसरा भाग गंजाचा, आणि किनाऱ्याजवळच्या या पट्ट्यात तोच खरा शत्रू आहे. सातपाटी-केळव्याकडून येणारी खारी हवा आणि जून ते सप्टेंबर या काळातील दमटपणा यांपुढे नळीवरचा निळसर काळा मुलामा टिकत नाही. कापडी किंवा चामडी पिशवीत बंदूक ठेवण्याची सवय इथे घातक ठरते, कारण पिशवी ओल धरून ठेवते. खोबरेल तेल घराघरांत असते, परंतु ते थंडीत थिजते आणि काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते. त्याऐवजी पातळ यंत्रतेलाचा अगदी पातळ थर पुरतो. नळ्या गजाला लावलेल्या पितळी ब्रशने आणि नंतर कोरड्या चिंधीने पुसाव्यात, लाकडाला अळशीचे तेल तळहाताने चोळून जिरवावे, आणि बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात झिरपून ते भुसभुशीत होत नाही. कागदी आवरणाची जुनी काडतुसे ओलीने फुगून कोठीत अडकतात, त्यामुळे ती वेगळी काढावी लागली.

यापुढे घरगुती काम संपते. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत असल्याने लेथ आणि हातात कसब असलेले कारागीर सहज भेटतात, आणि नळी चार इंच आखूड करून घ्यावी किंवा झिजलेला सुटा भाग कातून घ्यावा असा सल्लाही सहज मिळतो. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ शस्त्राची निर्मिती, रूपांतर आणि दुरुस्तीही परवान्याशिवाय करू देत नाही, आणि कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास स्वतंत्रपणे मनाई करते. वीस इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बंदूक तर अर्धस्वयंचलित बंदुकीच्याच प्रवर्गात जाऊन पडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. हा कायदा केवळ जाचक आहे असे मानणे योग्य नव्हे, कारण नळीची भिंत आणि कोठी ज्या दाबाला तपासलेली असते, तो हिशोब लेथवर बसलेल्या माणसाला ठाऊक नसतो आणि चूक झाली तर ती नेमबाजाच्या डाव्या हातापासून काही बोटांच्या अंतरावर होते. उमरोळीच्या दुनळीचा उजवा घोडा सैल वाटला, तेव्हा तिचे कुलूप, म्हणजे चाप व घोड्याची यंत्रणा, न उघडता ती परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडे नेण्यात आली.

ज्यांच्या घरी अशी जुनी बंदूक आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी परवान्याची मुदत, कोठीची लांबी आणि नळ्यांचा आतला पृष्ठभाग या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, आणि कुलूप किंवा नळी यांना हात लावायचा असेल तर तो परवानाधारक कारागिराचाच असावा.