लाल कागद आणि रोहित

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं, की भिगवण लागतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलंय. हिवाळा सरू लागला, की ते ओसरतं, चिखल उघडा पडतो आणि त्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरायला उतरतात. त्यांचा गुलाबी रंग टिपायला सगळे येतात. मी मात्र ठरवलं होतं, आज फक्त कृष्णधवल फोटो! तेही पक्ष्यांच्या चेहऱ्यांचे.

पहिले फोटो बघाल तर हसाल. गुलाबी पंख, निळसर पाणी, निळं आकाश, सगळं एकसारखं राखी. पक्षी त्यात विरघळूनच गेला! मग पिशवीतला लाल जिलेटिनचा कागद आठवला. आकाशकंदील करून उरलेला. तो भिंगापुढे धरला. लाल कागदातून लाल उजेड जातो, निळा अडतो. त्यामुळे पाणी गडद झालं आणि रोहित पांढराशुभ्र उठून दिसू लागला. मोबाईलवर तुम्हीही करून बघा. (सूर्याकडे मात्र बघायचं नाही हं!)

रंग गेला, तशी चोच दिसायला लागली. मधेच वाकलेली, टोकाला काळी. मान खाली घालून ती पाण्यात उलटी धरायची आणि चिखलपाणी गाळून खायचं, अशी यांची तऱ्हा. चेहरा आणखी मोठा हवा म्हणून मी नावाड्याला म्हटलं, "मामा, थोडं जवळ घ्या ना."

मामांनी बांबू चिखलात रोवला. "सर, माना बघा त्यांच्या."

खरंच! मघाशी पाण्यात असलेल्या माना एकेक करून वर आल्या होत्या. खाणं थांबलं होतं.

"आता हललो तर उडतील. लांबून आलेत, खाऊ द्या की."

मी ओशाळलो. इतका वेळ कॅमेऱ्यातून बघत होतो, पण हे दिसलं नव्हतं.

दहा मिनिटं आम्ही गप्प. हळूहळू माना खाली गेल्या. तेवढ्यात एक शेकाट्या आपणहून होडीकडे चालत आला. मुळातच काळा-पांढरा! डोळ्यात उन्हाचा ठिपका चमकेपर्यंत थांबलो आणि बटण दाबलं.

मामांनी फोटो निरखून बघितला. "झकास! पण सर, याचे लाल पाय पांढरे कसे झाले?"

मी लाल कागद त्यांच्या हातात दिला. परत येईपर्यंत तो काही मला मिळाला नाही.