टीव्ही ट्यूनर, परेड आणि कुकरच्या शिट्ट्या

साधारण २००५ नंतर फौजी क्वार्टरांत एक नवीन वस्तू शिरली, टीव्ही ट्यूनर कार्ड. आजच्या मुलांना ते माहीत नसणार. हाताच्या पंजाएवढी हिरवी पट्टी, संगणकाचं झाकण काढून मदरबोर्डच्या पीसीआय खाचेत बसवायची, मागून केबल जोडायची, की संगणकाच्या पडद्यावर टीव्ही दिसायला लागायचा. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंका भरणाऱ्या माणसाला याचं आकर्षण काय, ते वेगळं सांगायला नको. मुलांच्या अभ्यासाच्या नावावर घेतलेला संगणक घरात होताच, त्यातच टीव्ही बसला तर एक खोकं कमी. शिवाय रेकॉर्डिंग व्हायचं. नवरा वर कुठेतरी बर्फात, त्याला सुटीवर आल्यावर दाखवायला.

मी सिग्नल्सचा माणूस. फौजेत सिग्नल्सवाल्याबद्दल एक पक्का समज आहे, की जिथे तार आहे तिथे हा लागतो. रेडिओ सेट, टेलिफोन, मिक्सर, इस्त्री, सगळं आमच्याकडे येतं. त्यामुळे २००७ मध्ये झाशीला असताना ट्यूनर कार्डांच्या तक्रारीही माझ्याच दारात आल्या.

निम्म्या तक्रारींचं मूळ रेल्वेच्या प्रवासात असायचं. दोन रात्री ट्रंकेत हादरे खाल्ल्यावर कार्ड खाचेतून केसभर वर येतं आणि संगणक म्हणतो, कार्डच नाही. काढायचं, सोनेरी दात पोराच्या खोडरबरानं हलकेच घासायचे, परत दाबून बसवायचं. दुसरी तक्रार असायची, 'वेळ लावून ठेवली, पण रेकॉर्डिंग सुरूच झालं नाही.' तिथे मी आधी घड्याळ बघायचो. मदरबोर्डवर नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असतो. संगणक महिनोन्‌महिने बंद राहिला आणि सेल संपला, की तारीख मागे जाते. संगणकाच्या मते अजून चार वर्षांपूर्वीचा जानेवारी चालू असेल, तर तो आज रात्री आठला कशाला उठेल? एवढ्याशा सेलसाठी लोकांनी विंडोज पुन्हा टाकून घेतलेलं मी पाहिलंय.

आता ज्या घराबद्दल लिहायचंय तिकडे येतो. आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं. हवालदार लडाखमध्ये, इथे वहिनी, चौथीतली मुलगी आणि हवालदारांची आई. २००८ च्या जानेवारीत वहिनी आल्या. "साहेब, धाकट्या दिरांची परेडच्या तुकडीत निवड झालीय. दिल्लीत राजपथावर चालणार. ह्यांना तिकडे टीव्ही मिळेल न मिळेल. रेकॉर्ड करून पाठवायचंय."

त्या वर्षीच्या परेडचं आणखी एक अप्रूप होतं. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्यानंतरची ती पहिली परेड. पाहुणे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी होते, पण त्यांचं आमच्या ओळीत कुणाला फारसं कौतुक नव्हतं. मावशींचा, म्हणजे हवालदारांच्या आईंचा, हिशोब सरळ होता. सलामी घेणार जळगावची लेक आणि देणार साताऱ्याचा पोरगा.

परेड एकदाच होते. पुन्हा चालून दाखवा म्हणता येत नाही. म्हणून मी वहिनींना म्हटलं, दिल्लीत २३ तारखेला फुल ड्रेस रिहर्सल असते, आपणही आधी रिहर्सल करू. छपरावर डीडी डायरेक्ट प्लसची छोटी डिश होती, महिन्याचे पैसे न लागणारी. सह्याद्री त्यावर दिसायचं, म्हणूनच ती घेतलेली. डिशच्या डब्यातून पिवळी तार चित्राची आणि लाल-पांढरी आवाजाची, अशी ती कार्डाला जोडायची. ट्यूनरच्या प्रोग्रॅममध्ये 'अँटेना' ऐवजी 'कॉम्पोझिट' निवडायचं आणि देश भारत, म्हणजे पाल पद्धत. तिथे अमेरिकेची एनटीएससी राहिली तर चित्र काळंपांढरं येतं किंवा वरखाली पळतं. हे सगळं पाच मिनिटांचं काम.

तार जोडताना मात्र बोटाला झिणझिण्या आल्या. पडद्यावर एक धूसर आडवा पट्टा खालून वर सरकत होता. हे लक्षण ओळखीचं. क्वार्टरच्या बोर्डात अर्थिंगची तारच तुटलेली होती. अर्थिंग नसलं की संगणकाच्या पत्र्यावर, त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे, थोडा विद्युतदाब साचून राहतो. डिशचा लोखंडी पाय गच्चीच्या कठड्याला टेकलेला, त्यामुळे ती वाट सापडली की करंट चित्राच्या तारेतूनच जायला बघतो. लोक अशा वेळी केबल बदलतात, कार्ड बदलतात. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्डातली तार जोडून घेतली. पट्टा गेला, झिणझिण्याही गेल्या. घरात लहान मूल आहे, तेव्हा चित्रापेक्षा त्याचंच मला जास्त बरं वाटलं.

पहिली चाचणी सह्याद्रीच्या संध्याकाळच्या बातम्यांवर घेतली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी बोलावलं. हसू आवरत नव्हतं त्यांना. चित्र ठणठणीत, निवेदिका बोलतेय, पण आवाज येतोय कुकरच्या शिट्टीचा. तीन शिट्ट्या झाल्यावर मावशी म्हणतात, "अगं गॅस बारीक कर, डाळ करपंल." मग मुलगी नऊचा पाढा म्हणते, नऊ साते त्रेसष्टला अडखळते, पुन्हा पहिल्यापासून. निवेदिका गंभीरपणे मान हलवते. मागे कुणीतरी जिन्यावर बादली आपटतं.

कारण साधं होतं. त्या कार्डाचा आवाज संगणकात साउंड कार्डाच्या 'लाइन-इन' मधून जातो, पण रेकॉर्डिंगच्या यादीत टिचकी होती 'माइक'ला. मुलीच्या हेडफोनचा माइक टेबलावर पडलेला, त्यानं इमानेइतबारे अख्खं घर टिपलं. विंडोज एक्सपीत ऐकण्याचे आवाज आणि रेकॉर्डिंगचे आवाज यांच्या खिडक्या वेगळ्या असतात. ऐकायला बातम्या नीट यायच्या, म्हणून कुणाला संशयच आला नव्हता. टिचकी बदलली. वहिनी म्हणाल्या, ते पुसून टाका. मी म्हटलं, राहू दे, जागा आहे.

जागेचाही हिशोब सांगतो, कारण पुढची गंमत त्यातच आहे. पालचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. ते कच्चं साठवलं तर सेकंदाला २० एमबीच्या वर जातं, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ जीबी. वहिनींची डिस्क होती ८० जीबीची. म्हणून चित्र दाबून साठवावं लागतं. एमपेग-२ मध्ये सहा मेगाबिटवर तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास. काही जण एव्हीआय फाइल करायचे. झाशीत मी ती टाळायला सांगायचो, कारण वीज. एव्हीआयची अनुक्रमणिका सहसा फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली की दोन तासांचं रेकॉर्डिंग डिस्कवर असूनही उघडत नाही. एमपेगचं तसं नाही, जिथवर लिहिलं गेलं तिथवर दिसतं.

२३ तारखेला तीन तासांची पूर्ण चाचणी लावली, सकाळी नऊपासून. बाराला जाऊन बघतो तर रेकॉर्डिंग साडेदहाच्या सुमाराला थांबलेलं. वीज गेलेली नाही, डिस्क अर्धी रिकामी. वहिनींचा चेहरा पडला. त्यांच्या ओळखीतला एक संगणकवाला आधीच सांगून गेला होता की कार्ड तापतंय, नवीन घ्या. मी फाइलीचा आकार बघितला: ३.९९ जीबी. आणखी काही बघायची गरज उरली नाही. डिस्कचा तो भाग फॅट३२ पद्धतीनं आखलेला होता, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. सहा मेगाबिटवर चार जीबी भरायला दीड तास लागतो. गणित मिनिटाला जुळत होतं. परेड तेव्हा दहाला सुरू व्हायची. २६ तारखेला हेच घडलं असतं तर तुकड्या राजपथावर असताना संगणकानं पाठ फिरवली असती.

उपाय फुकटचा होता. काळ्या खिडकीत कन्व्हर्टची एक ओळ लिहून तो भाग एनटीएफएस करून घेतला. आतलं काही पुसलं जात नाही, तरी मुलीचे फोटो आधी सीडीवर काढून ठेवले. मग २५ च्या रात्री पुन्हा तीन तासांची चाचणी. या वेळी फाइल आठ जीबीच्या वर गेली आणि शेवटपर्यंत चालली.

२६ ला सकाळी नऊला रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मॉनिटर बंद केला. संगणक छोट्या यूपीएसवर होता, जड काचेचा मॉनिटर त्यावर नसला तर तो बराच वेळ टिकतो. पण मग परेड बघायची कशावर? सगळे आमच्या क्वार्टरमध्ये आले. रिमोट मी वहिनींच्या कपाटात ठेवायला लावला होता. डिशचा डबा एका वेळी एकच वाहिनी देतो, कुणी कार्टून लावलं की रेकॉर्डिंगमध्येही कार्टूनच. साडेअकराला दहा मिनिटं वीज गेली. आमचा टीव्ही बंद पडला, पण शेवटच्या क्वार्टरमधून यूपीएसची पिकपिक ऐकू येत होती.

धाकट्याची तुकडी त्याआधीच गेली होती. त्या काळी तुकडीत १४४ जवान असायचे, बारा गुणिले बारा. 'दाहिने देख' झालं, माना वळल्या, आणि कॅमेरा दुसरीकडे गेला. मावशींना दिसलाच नाही. काही बोलल्या नाहीत, पदरानं चष्मा पुसत बसल्या.

दुपारी संगणकासमोर बसलो. मावशी म्हणाल्या, "आता थांबिवता येतंय न्हवं?" थांबवलं, तर पडद्यावर प्रत्येक जवानाला दोन दोन हात, आणि चेहऱ्यांना कंगव्यासारखे दात. मावशी घाबरल्याच. ही बिघाडाची खूण नव्हे. दूरदर्शनचं एक चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. तेवढ्यात चालणाऱ्याचा हात पुढे गेलेला असतो. जुन्या टीव्हीवर ते डोळ्याला कळत नाही. संगणक दोन्ही हप्ते एकत्र मांडतो म्हणून दिसतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस नावाची सोय आहे, त्यात 'बॉब' निवडलं की एका वेळी एकच हप्ता दाखवतो. निवडलं. दात गेले, हात एक झाला.

पण चेहरे? तुकडीच्या लांबच्या दृश्यात एका चेहऱ्याच्या वाट्याला मोजून आठ-दहा ठिपके. त्यात नाक शोधायचं की कान? मी मोठं करून बघितलं, नुसते तपकिरी चौकोन. वहिनी म्हणाल्या हा असेल, मुलगी म्हणाली तो काका. मी एकेक चित्र पुढे सरकवत होतो.

मावशी म्हणाल्या, "थांबवू नगा सुभेदार. चालू द्या त्येला."

चालू केलं. तिसऱ्यांदा तुकडी गेली तेव्हा त्यांनी पडद्याला बोट लावलं. "ह्यो. डाव्या हाताला बघा. चिंचेवरनं पडला हुता, तवापास्नं कोपर असंच ऱ्हातंय." मी पुन्हा पुन्हा बघितलं. ड्रिलच्या उस्तादानं १४४ हात एका रेषेत आणण्यासाठी घाम गाळलेला. मला काही फरक दिसला नाही. मार्चमध्ये धाकटा सुटीवर जाताना वाटेत झाशीला उतरला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "हो, मीच तो." आईपुढे दुसरं काय म्हणणार, असंही मनात आलं. विचारलं नाही.

हवालदारांच्या पोस्टवर डीव्हीडी चालत नव्हती, जुना व्हीसीडी प्लेअर होता. म्हणून परेडचा भाग एमपेग-१ मध्ये उतरवला, ३५२ बाय २८८ ठिपके. एका सीडीवर सव्वा तासाच्या आसपास मावतं, तुकडी त्यात आली. चेहऱ्याचे होते ते ठिपकेही चौथाईवर आले. दुसऱ्या सीडीवर मी ती पहिली चाचणी टाकली, निवेदिका आणि कुकरवाली. वहिनी नको म्हणत होत्या, त्यांना लाज वाटत होती. तिकडे जाणाऱ्या एका जवानाच्या हाती दोन्ही पाठवल्या.

एप्रिलमध्ये हवालदारांचा फोन आला. परेड छान आली म्हणाले, सगळ्यांना दाखवली. मग जरा थांबून म्हणाले, "साहेब, ती दुसरी सीडी मी रात्री लावतो. चित्राकडे बघत नाही." लाइन तुटत होती. शेवटी एवढंच ऐकू आलं, मुलीचा नवाचा पाढा पुढे पूर्ण झाला का, म्हणून विचारत होते.