सहा घरांचे चक्र

टिकल्यांच्या पिस्तुलावाचून ज्याची दिवाळी साजरी झाली, असा मुलगा आमच्या काळी मुकुटबनात विरळाच असावा. वाकडी मूठ, लांब नळी आणि मधोमध कधीही न फिरणारे पत्र्याचे खोटे चक्र अशी त्या खेळण्याची घडण असे. आणि ही घडण 1873 साली अमेरिकेच्या सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची नक्कल होय, हे पुढे नागपुरास शिकत असताना एका सचित्र ग्रंथावरून मला उमगले, तेव्हापासून या शस्त्राने माझ्या मनाचा जो कबजा घेतला, तो आजतागायत सोडलेला नाही.

तथापि त्या ग्रंथातील यंत्ररचना मला चटकन समजली याचे श्रेय आमच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीला आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या आमच्या मुलखात ज्वारी निसवू लागली की रानडुकरांचे कळप शेतात उतरत. त्यासाठी कास्तकारास जागल करावी लागे, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर अशी एखादी बंदूक काही घरांत असे. आजोबा नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतीत, वर चिंध्यांचा बोळा व छर्रे घालून गजाने ते सारे ठासीत, आणि सरतेशेवटी मागच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी दोन बोटांनी हलकेच बसवीत. निवडणुका आल्या म्हणजे ती बंदूक ठाण्यात जमा होई. आजोबांच्या पश्चात ती आम्ही रीतसर सरकारजमा केली.

सॅम्युअल कोल्टचे 1851 चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर म्हणजे तत्त्वतः हीच ठासणीची बंदूक, सहा घरांच्या एका चक्रात बसवलेली. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी घालावयाची, नळीखालच्या दांड्याने ती ठासावयाची, मागे टोपी चढवावयाची. मग अंगठ्याने घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकते. 1830 साली, सोळा वर्षांचा असताना, हा कोल्ट ‘कोर्वो’ नावाच्या जहाजावरून कलकत्त्याच्या सफरीस निघाला होता, आणि आपल्या कल्पनेचा पहिला लाकडी नमुना त्याने त्या प्रवासातच कोरला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. पुढे 1853 पासून काही वर्षे त्याने लंडनमध्ये कारखाना चालवला. तेथील रिव्हॉल्व्हरे इंग्रज अंमलदारांनी पदरच्या पैशाने खरेदी केली आणि 1857 च्या धामधुमीत ती हिंदुस्थानात वापरली गेली.

असे एक रिव्हॉल्व्हर वऱ्हाडातील एका जुन्या वाड्यात मला प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. नळीवर ‘कर्नल कोल्ट, लंडन’ ही अक्षरे होती, आणि चक्राच्या वाटोळ्या अंगावर, गंजाच्या तांबूस थराखाली, शिडाच्या जहाजांची एक ओळ दिसत होती. टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांत 16 मे 1843 रोजी झालेली लढाई ऑर्म्सबी नावाच्या कारागिराने त्या चक्रासाठी कोरली होती, आणि ‘नेव्ही’ हे नाव त्या चित्रावरून पडले असे सांगतात. भिंग लावून मी किती वेळ ती जहाजे पाहत बसलो होतो, याचे मला भान राहिले नाही.

या सौंदर्याचा मोह पडतो हे खरे. परंतु ते शस्त्र कोणाच्या छातीवर रोखले गेले याचा विसर पडू देणे मला मान्य नाही. एकबारी बंदूक पुन्हा भरून होईपर्यंत अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी कोमांची जमातीचा स्वार बाणामागून बाण सोडी. 1844 साली जॅक हेजच्या टेक्सास रेंजर तुकडीने कोल्टची रिव्हॉल्व्हरे त्यांच्यावर चालवली आणि तो तोल कायमचा ढळला. त्याच तुकडीतील सॅम्युअल वॉकरच्या सूचनांवरून 1847 साली सैन्यासाठी एक हजार अवजड रिव्हॉल्व्हरे तयार झाली, आणि पुढील तीन-चार दशकांत मूळ रहिवाशांच्या जमिनी एकामागून एक गेल्या. कोलाम आणि गोंड यांच्या शेजारात वाढलेल्या, आणि पैनगंगेपलीकडच्या जोडेघाट येथे 1940 साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात गोंड पुढारी कोमाराम भीम पडल्याचे ऐकलेल्या माणसाला हा इतिहास परका वाटत नाही.

म्हणून मी शस्त्रे जमवली नाहीत, त्यांवरील खुणा जमवल्या. माझ्या दप्तरात आहेत ती छायाचित्रे, रेखाटने आणि क्रमांकांची टिपणे. 1873 च्या सैनिकी रिव्हॉल्व्हरांची साडेसात इंची नळी कित्येकांच्या बाबतीत पुढे साडेपाच इंचांवर आणली गेली, आणि या डागडुजीत एकाचे सुटे भाग दुसऱ्यास लागले. सर्व भागांवरील क्रमांक जुळणे ही म्हणूनच मोठी दुर्मीळ गोष्ट. तपासनिसाची मुठीवरची आद्याक्षरे आणि चौकटीवरचा सरकारी शिक्का ही या वस्तूंची सनदच होय.

काही वर्षांनी त्या वाड्यात पुन्हा गेलो, तो कोणा दलालाच्या सांगण्यावरून ते रिव्हॉल्व्हर पॉलिश कागदाने घासून चकचकीत केलेले. एकही जहाज शिल्लक नव्हते. ज्या अक्षरांनी दीडशे वर्षे गंज सोसला, ती एका दुपारच्या घासण्याने गेली, याचे दुःख मला आजही आहे.

ज्यांच्या माळ्यावर किंवा देवघरामागच्या कोनाड्यात असे एखादे शस्त्र पडून असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ते घासू नका आणि चाप ओढून पाहू नका, कारण जुन्या चक्रात दारू ठासलेली राहिल्याचे अनेकदा आढळते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे सूट आहे ती पुराणवस्तूच्या मोलाच्या किंवा कालबाह्य घडणीच्या, आणि दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच शस्त्राला. तेव्हा प्रथम ठाण्यात कळवा. त्यासोबतचे परवाने आणि पत्रे जपून ठेवा, आणि नागपूरच्या ‘अजब बंगला’ या संग्रहालयातील किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयातील जाणकारांना एक पत्र लिहा.