आपला जिंकला म्हणून पंच खरा?

हरल्यावर पंचाला नावं ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही. दुःख ताजं असतं, घसा कोरडा पडलेला असतो आणि दोष टेकवायला एक शिट्टीवाला माणूस समोर उभा असतो. माणसाची खरी पारख होते ती जिंकल्यावर. गुलाल उडालेला असतो, गळाभेटी चाललेल्या असतात, आणि त्या गलक्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "पण तो निकाल बरोबर होता का?" आनंदात खडा टाकला म्हणून लोक त्याच्यावर चिडतात. मला मात्र त्या माणसाविषयी फार माया वाटते.

फुटबॉल हा आमच्या जळगाव-धुळ्याचा घरचा खेळ नव्हे. मैदानात क्रिकेट आणि जत्रेत कुस्ती, अशी आमची वाटणी. पण चार वर्षांनी विश्वचषक आला की इथेही रात्री जागतात. २०२२चा विश्वचषक तर आमच्या हंगामातच आला. कतारच्या उन्हाळ्यात खेळणं अशक्य म्हणून स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेली, आणि खान्देशात हे दिवस भरिताचे. अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना १८ डिसेंबरला, रविवारी, आपल्याकडे रात्री साडेआठला. यावल तालुक्यातल्या एका मळ्यात त्या रात्री आम्ही जमलो होतो. शेडच्या भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, समोर प्रोजेक्टर, आणि बाजूला पऱ्हाटीच्या जाळात बामणोदची हिरवट-पांढरी वांगी भाजत पडलेली. साल काळी पडून तडकली की आतला गर वाफेसकट बाहेर डोकावायचा. मग ती सोलून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन थोर-पोर सगळे चादरीकडे तोंड करून बसले होते. बहुतेकांचा जीव अर्जेंटिनाच्या मेस्सीत अडकलेला.

सामना कसा झाला हे आता जगाला पाठ आहे. डेम्बेलेने डी मारियाला पाडलं, पोलंडचे पंच शिमॉन मार्चिनियाक यांनी पेनल्टी दिली, २३व्या मिनिटाला मेस्सीने गोल केला. ३६व्या मिनिटाला डी मारियाचा दुसरा. मग ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बाप्पेने असे दोन घाव घातले की आमच्या जाळाभोवतीची बोलणी एकदम थांबली. जादा वेळेत १०८व्या मिनिटाला मेस्सीने पुढे नेलं, ११८व्याला एम्बाप्पेने पुन्हा गाठलं. शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका एमिलियानो मार्टिनेझने पायाने अडवला, तेव्हा पानावरची भाकरी मातीत पडली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. ३-३ अशी बरोबरी आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. साडेअकराच्या सुमारास मळ्यात असा आरडाओरडा झाला की आजूबाजूच्या वस्तीवरची कुत्री भुंकत उठली.

त्या जल्लोषात धुळ्याहून पाहुणे आलेले एक बापू शांत बसून होते. तेही अर्जेंटिनाचेच. जाळात एक काडी सारून ते म्हणाले, "ती पहिली पेनल्टी मले काही पटनी नही." एकाने लगेच तोडलं, "आता जिंकलो ना बापू, मंग कायले उकरून काहाडता?" बापूंनी मान वर करून विचारलं, "आपला जिंकना म्हनीसन पंच खरा का रे भो?"

तिथून जो वाद पेटला तो जाळ विझला तरी संपला नाही. मोबाइलवर तो क्षण थांबवून थांबवून पाहिला गेला. डेम्बेलेचा पाय लागला का, आणि लागला तर माणूस पडावा इतका लागला का? कुणी म्हणे, स्पर्श झाला म्हणजे फाउल. कुणी म्हणे, पळत्या माणसाला तेवढा धक्का पुरतो. कुणी म्हणे, एवढ्यावर पेनल्टी द्यायची तर प्रत्येक सामन्यात दहा द्याव्या लागतील. मौज अशी की वाद घालणारे सगळे एकाच बाजूचे होते. कुणाला काही मिळवायचं नव्हतं, कुणाचं काही जायचं नव्हतं. म्हणूनच बोलणं नियमावर आलं. हरलेल्यांच्या वादात जखम बोलते, जिंकलेल्यांच्या वादात खेळावरचं प्रेम बोलू शकतं, हे मला त्या रात्री पुरतं कळलं.

दोन-तीन दिवसांत दुसरा मुद्दा आला. मेस्सीचा १०८व्या मिनिटाचा गोल होत असताना अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू आनंदाच्या भरात रेषा ओलांडून मैदानात आले होते, हे फ्रान्सच्या 'लेकीप' या क्रीडा दैनिकाने दाखवून दिलं. नियमाचं पुस्तक तेव्हा अशा वेळी सरळ गोल रद्द करायला सांगायचं. मार्चिनियाक यांनी पत्रकारांसमोर आपला मोबाइल धरला. त्यातल्या चित्रात एम्बाप्पेच्या गोलाच्या वेळी फ्रान्सचेही सात राखीव खेळाडू मैदानात होते. हे उत्तर गाजलं. पण याच पंचांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिची चर्चा फारशी झाली नाही. अर्जेंटिनाच्या अकुन्याच्या फाउलनंतर आपण खेळ थांबवायला नको होता, त्याने फ्रान्सची चाल तुटली, ती आपली चूक, असं ते स्वतः म्हणाले. जगातला सर्वात मोठा सामना चालवलेला माणूस आपल्या चुकीचा हिशेब चारचौघांत मांडतो, तर आपण नुसता जयजयकार करणाऱ्यांनी प्रश्नाला का भ्यावं?

बापूंची नजर फुटबॉलमधली नव्हे, आखाड्यातली आहे. खान्देशाने कुस्ती मनापासून पाहिली. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६२ साली धुळ्यात झाली, १९६६ साली जळगावात. पुढे चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं ती गदा आणली. जत्रेतल्या आखाड्याभोवती लोक चारी बाजूंनी बसतात, आणि एकच कुस्ती चार बाजूंना चार प्रकारची दिसते. पाठ टेकली का, दोन्ही खांदे एकाच वेळी लागले का, हे एका बाजूला स्पष्ट दिसतं आणि दुसऱ्या बाजूला पैलवानाच्या अंगाआड झाकलं जातं. जुनी जाणती माणसं म्हणून निकालानंतर पलीकडच्या बाजूला जाऊन विचारायची, "तुम्हाला काय दिसलं?" विरुद्ध बाजूला जाऊन विचारणं, ही या मातीतली मोठी शिकवण.

ती विसरली की काय होतं, हे २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, पाठ टेकलीच नव्हती, व्हिडिओ पाहा. वाद वाढला आणि राक्षेने पंचांची कॉलर धरली, त्यांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडने निकालावर नाराज होऊन काही सेकंद बाकी असताना मैदान सोडलं. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. तक्रारीत कितीही तथ्य असो, पंचावर पाय उचलला की तक्रार तिथेच मरते. त्यानंतर खांद्याविषयी कुणी बोलत नाही, फक्त लाथेविषयी बोलतात. पण मला राहून राहून वाटतं, अशा वेळी "पाहून घ्या" हा आवाज जिंकणाऱ्या कोपऱ्यातून यायला हवा. ज्याला निकालाची खात्री आहे त्याने तपासणीला का नाही म्हणावं? आंतरराष्ट्रीय कुस्तीत दाद मागायची रीत ठरलेली आहे. प्रशिक्षक मऊ ठोकळा मॅटवर टाकतो, चित्रफीत पाहिली जाते, आणि दावा फसला तर समोरच्याला एक गुण मिळतो. शंका घ्यायची तर तिची किंमत मोजायची, हा त्यातला न्याय मला फार आवडतो.

आणि आपल्यावर उलटतं तेव्हा? ११ जून २०२४, दोहा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत छांगटेच्या गोलने भारत कतारविरुद्ध पुढे होता. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेला, तिथून तो ओढून आत आणला गेला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. व्हिडिओची सोय त्या सामन्यात नव्हती. आपण १-२ हरलो आणि पुढच्या फेरीची वाट बंद झाली. देशभर संताप झाला आणि तो रास्त होता. बाहेर गेलेला चेंडू बाहेरच. पण तसाच गोल आपल्या पोरांनी केला असता, पंचांनी तो दिला असता आणि आपण पुढच्या फेरीत गेलो असतो, तर गावोगावच्या चौकांत फटाके वाजताना किती जणांनी तोंड उघडलं असतं?

मॅराडोनाने २२ जून १९८६ला इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल पंच अली बेन्नासर यांना दिसला नाही. पुढे कॅमेरे आले, गोलरेषेचं यंत्र आलं, व्हिडिओ पंच आले. यंत्र चेंडू कुठे होता ते सांगतं. आपल्या पदरात पडलेलं खरोखर आपलं आहे का, हे विचारणं मात्र यंत्रावर सोपवता येत नाही. ते काम प्रेक्षकाचं. म्हणून एवढंच मागणं आहे: पुढच्या वेळी तुमचा संघ, तुमचा पैलवान, तुमचं गाव जिंकेल तेव्हा भरपूर नाचा, गुलाल उधळा, आणि त्याच रात्री, सगळे आपलेच बसलेले असताना, तो निकाल बरोबर होता का हे मोठ्याने विचारा. पोरांना ते ऐकू द्या.