पावतीवरचं नाव

डिसेंबर उजाडला की इथल्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या गप्पा दोन विषयांवर येतात. भारताची तिकिटं आणि टॅक्स. मग वर्ष संपायच्या आत कुठे कुठे देणगी द्यायची त्याच्या याद्या निघतात. देऊळ, गावाकडची शाळा, मराठी मंडळ. आमच्या घरच्या यादीत गेली काही वर्षं आणखी एक नाव असतं, लॅम्डा लीगल. "ही कसली गं संस्था? आणि द्यायचे तर कसे द्यायचे?" असं दोघीतिघींनी विचारलं. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

तर ही वकिलांची संस्था. समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा माणसांच्या हक्कांसाठी कोर्टात लढते, आणि अशिलाकडून फी घेत नाही. म्हणजे खर्च कोण करणार? तुम्ही-आम्ही.

हिची जन्मकथाच मजेशीर आहे. बिल थॉम नावाच्या वकिलाने न्यूयॉर्कमध्ये संस्था नोंदवायला अर्ज केला. पोर्टोरिकन लोकांसाठीची अशीच एक संस्था तेव्हा नुकतीच मंजूर झाली होती, तिच्याच अर्जाचा नमुना त्याने वापरला. तरी १९७२ साली कोर्टाने नाही म्हटलं. या कामात परोपकारही नाही आणि धर्मादायही नाही, असं कारण दिलं. वरच्या कोर्टात जाऊन १९७३ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे संस्थेची पहिली केस ती स्वतःच! आज तिला दिलेली देणगी सरकारच धर्मादाय म्हणून टॅक्समध्ये धरतं. काळाचा महिमा, दुसरं काय.

आता कोर्टाचं काम किती संथ ते आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याच राज्याचं बघा. न्यू जर्सीतल्या सात जोडप्यांना घेऊन लॅम्डा लीगलने लग्नाच्या हक्कासाठी २००२ मध्ये दावा लावला. २००६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने समान हक्क द्या म्हटलं, पण त्याला लग्न म्हणायचं की आणखी काही, ते विधिमंडळावर सोडलं. विधिमंडळाने 'सिव्हिल युनियन' काढलं. मग पुन्हा दावा. शेवटी २१ ऑक्टोबर २०१३ ला इथे पहिली लग्नं लागली. अकरा वर्षं! म्हणून एकदाच मोठा चेक फाडण्यापेक्षा दरमहा थोडे दिलेले मला बरे वाटतात. महिन्याला वीस डॉलर म्हणजे आपल्या एका जेवणाचे पैसे. पण पुढच्या वर्षीही येणार हे माहीत असलं की संस्थेला लांबची केस हातात घेता येते.

बाकीचे मार्ग थोडक्यात सांगते.

नोकरी करणाऱ्यांनी आधी कंपनीत चौकशी करा. बऱ्याच कंपन्या आपल्या देणगीइतकीच रक्कम स्वतःची घालतात. फॉर्म मात्र आपणच भरावा लागतो, आणि तिथेच आपले लोक आळस करतात.

वर्षाहून जुने, भाव चढलेले शेअर असतील तर ते विकू नका, तसेच संस्थेच्या नावावर करा. नफ्यावरचा टॅक्स वाचतो आणि वजावट बाजारभावाने मिळते.

साडेसत्तरी ओलांडलेल्या काका-मामांना आयआरएमधून थेट संस्थेला पैसे पाठवता येतात, ते उत्पन्नात धरले जात नाहीत. आणि मृत्युपत्रात किंवा रिटायरमेंट खात्याच्या वारसांत दोन-चार टक्के लिहून ठेवले तर आज खिशातून काहीच जात नाही.

२०२६ या टॅक्स वर्षापासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही चेकने किंवा कार्डाने दिलेल्या देणगीवर वजावट आहे. एकट्याला १००० डॉलरपर्यंत, जोडप्याला मिळून २००० पर्यंत. एका वेळी अडीचशे किंवा जास्त दिले तर संस्थेची लेखी पावती जपून ठेवा.

एक मेख आहे. संस्था ५०१(सी)(३) आहे ना ते बघा. ह्यूमन राइट्स कॅम्पेनला दिलेल्या पैशांवर वजावट नाही, त्यांच्याच फाउंडेशनला दिलेल्यांवर आहे. नावं सारखी, कायदा वेगळा. पैसे कुठेही द्या, फक्त माहीत असून द्या.

आणि एच-वन-बीवाल्या मुलांनो, घाबरू नका. व्हिसावर असताना निवडणुकीच्या प्रचाराला पैसे देता येत नाहीत. धर्मादाय संस्थेला खुशाल देता येतात.

हे सगळं सांगून झालं की एक प्रश्न हमखास येतो, आवाज जरा खाली आणून. "आपलं नाव कुठे येत नाही ना?" नाही येत. संस्थेचा वार्षिक फॉर्म कुणालाही बघता येतो, पण अशा संस्थेच्या देणगीदारांची नावं त्यातून लोकांपुढे ठेवावी लागत नाहीत. शिवाय निनावी देण्याचीही सोय असते. ज्यांना नोकरीत किंवा घरात खरंच त्रास होईल त्यांनी जरूर निनावी द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

पण या प्रश्नावर मी बराच विचार केलाय. आमची आजी देवळाच्या पेटीत मूठ झाकून पैसे टाकायची. गुप्तदान सगळ्यात मोठं, म्हणायची. मोठेपणा नको म्हणून नाव लपवायचं, हा त्यातला अर्थ. इथे नाव लपवावंसं वाटतं ते मोठेपणा नको म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. दोन्हींत मूठ झाकलेलीच, पण गोष्ट एक नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आमची लेक समलिंगी आहे. घरी आम्हाला चार वर्षांपासून माहीत आहे. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, काहींनी ओळखलं असेल, आणि काहींना आत्ता कळतंय. हे तिला विचारूनच लिहितेय. देणगीच्या फॉर्मवर 'कुणाच्या सन्मानार्थ' अशी एक जागा असते. तिथे तुझं नाव घालू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, मी कुठे लपलेय? तू तुझं घाल."

घातलं. आमच्या दोघांचं, आडनावासकट.

नंदुरबारच्या मामी आणि पुण्याच्या वन्सं, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे. तिच्यासाठी स्थळं बघणं थांबवा एवढंच मागणं. तिच्याशी फोनवर बोला, पूर्वी बोलत होतात तसंच. ती पूर्वीसारखीच अर्धा तास बोलेल आणि आमटीची कृती विचारेल.

आणि द्यायचे असतील तर द्या, शंभर नकोत, दहा चालतील. फॉर्म भरताना अडलं तर मला रात्री नऊनंतर फोन करा.