तारी, टॉडी आणि पाच वस्तू

भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली ह्या पट्ट्यात भातखाचरं गेली नि गोदामं उभी राहिली. त्या पैशातून बंगले झाले. बंगल्यात काचेचं कपाट आलं, आणि कपाटात पाहुण्याला दिसेल अशी स्कॉचची बाटली आली. बाटलीला कोणी हात लावत नाही. "ठेवलीय, जुनी होईल तेवढी चांगली," असं घरधनी सांगतो.

हे काही खरं नाही. दारू जुनी होते ती लाकडी पिंपात, काचेत नाही. स्कॉचला स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात कमीत कमी 3 वर्षं ठेवावं लागतं. बाटलीवर 12 लिहिलं असेल तर तिच्यातली सगळ्यात कोवळी दारू 12 वर्षं पिंपात होती एवढाच अर्थ. ती बाटली कपाटात 20 वर्षं राहिली तरी 12 चीच राहते. माल्ट स्कॉचचं मूळ आपल्या ओळखीचं. सातू भिजत घालायचा, मटकीसारखे मोड आणायचे, मग वाळवायचा. काही ठिकाणी दलदलीतली कुजलेली, वाळलेली माती जाळून तिच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिला धुराचा वास.

हे मला पुतण्यानं शिकवलं. तो गोदामात हिशेब बघतो. त्याला जुन्या काळची स्कॉचची मिश्रणं घरी बनवायचा नाद लागला. एकाचं नाव रॉब रॉय. हे 1894 च्या सुमाराचं, न्यूयॉर्कचं. दोन भाग स्कॉच, एक भाग गोड व्हर्मूथ, दोन थेंब कडू अर्क, बर्फात चमच्यानं ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. व्हर्मूथ म्हणजे वाइनच, म्हणून फोडल्यावर फ्रिजात ठेवावी लागते, नाहीतर तिची चव उतरते. दुसऱ्याचं नाव गंजका खिळा. स्कॉचमध्ये ड्रॅम्ब्यूई घालायची. तीही स्कॉचच, पण मध नि झाडपाला घातलेली. बारीक छोट्या मापानं तो मोजून ओततो. मी म्हटलं, "बाला, औषध देतोस की दारू?" तो म्हणाला, "काका, माप चुकला का चव गेली."

पावसाळ्यात एकदा त्यानं हॉट टॉडी केली. कपात आधी गरम पाणी फिरवून टाकलं. मग 60 मिली स्कॉच, चमचाभर मध, दोन चमचे लिंबाचा रस, तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि वरून दीडशे मिली गरम पाणी. वहिनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हा त काढाच हाय!"

वहिनीचं बरोबर होतं, आणि नावसुद्धा आपलंच निघालं. टॉडी म्हणजे ताडी. आम्ही आगरी लोक 'ड' चा 'र' करतो. गाडीला गारी म्हणतो, ताडीला तारी. कंपनीचे गोरे आपल्या किनाऱ्यावर ताडी प्यायले, शब्द बोटीत घालून घेऊन गेले आणि तिकडे थंडीत गरम पाण्यात कालवलेल्या व्हिस्कीला तोच शब्द लावला. झाड इकडेच राहिलं.

पंच म्हणतात त्याचंही तसंच. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर 1675 साली जुन्नरला जाताना आमच्या शेजारच्या कल्याणवरून गेला होता. त्याचं प्रवासाचं पुस्तक 1698 साली छापलं. त्यात त्यानं पंचचा अर्थ पाच असा दिलाय, कारण त्यात पाच वस्तू पडतात. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. पुतण्याच्या कपातही मोजून तेवढंच होतं, फक्त साखरेच्या जागी मध.

शब्द तिकडे मानानं नांदला. इकडे 1878 च्या अबकारी कायद्यानं ताडाच्या झाडावर कर बसला. 1892 साली ठाणे नि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर कायदा आला. कातकरी, ठाकूर पहाटे झाडाखाली फुलं वेचायचे, ती घरात ठेवणं गुन्हा झाला. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा. तो आजही आहे. त्याच्या हिशेबानं प्यायला परवाना लागतो, आणि कडक दारूला वय 25 पुरं लागतं.

तारीनं कोणाचं घर बुडालं नाही असं मी म्हणणार नाही. पण तारीला एक लगाम होता. सकाळी उतरवली की गोड, दुपारी चढणारी, दुसऱ्या दिवशी आंबट. साठवता येत नसे. झाड देईल तेवढंच मडकं. आता टेम्पोनं खोके येतात. हळदीच्या रात्री मांडवामागे खोके किती, यावर घराची इज्जत मोजतात. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बरोबरीचे तिघे जमिनीचे पैसे आल्यावर असे प्यायला लागले की साठी बघितली नाही. जमीन गेली, माणूस गेला, बायको गोदामात पॅकिंगला जाते.

म्हणून पुतणीच्या हळदीचं बोलणं निघालं तेव्हा सगळे गप्प झाले. पुतण्या म्हणाला, खोके नको, आपण काउंटर लावू, मी मापानं देतो. वहिनीनं विचारलं, "हजार मानसं येतील. तू हजारांना मापानं देशील? आनि तिसऱ्यांदा मांगणाऱ्याला नाय बोलशील?"

पुतण्याजवळ उत्तर नव्हतं. ज्या मापाचं त्याला एवढं कौतुक, ते घरात चार माणसांत चालतं, वहिनी समोर बसलेली असते म्हणून चालतं. मांडवात ते टिकत नाही. काही गावांनी हळदीला दारू बंद असा ठराव केलाय. आमच्या गावानं केला नव्हता. आम्ही घरापुरता केला.

वैशाखात हळद झाली. लिंबाचं सरबत ठेवलं, बर्फात तारगोले ठेवले, मटणाला हात आखडला नाही. काहीजण तोंड वाकडं करून लवकर गेले, दोघं तर जेवलेच नाहीत. बायका मात्र पहिल्यांदाच मध्यरात्रीपर्यंत नाचल्या, कारण कोणाला धरून घरी न्यायचं नव्हतं.